बँकेला दंड झाला. चूक नेमकी कोणाची?

प्रश्न (रावपुरा, बडोदे)
आमच्या नागरी सहकारी बँकेला रिझर्व्ह बँकेने नुकताच दंड केला. संचालकांशी संबंधित कर्जांबाबतच्या निर्देशांचे पालन झाले नाही, एवढे एकच वाक्य प्रसिद्धिपत्रकात आहे. कर्जे किती, कोणाच्या कार्यकाळातली, याचा उल्लेख नाही. दंड बँकेच्या नफ्यातून, म्हणजे अखेर आम्हा सभासदांच्या लाभांशातून जाणार. मग जबाबदार व्यक्तीचे नाव विचारण्याचा अधिकार आम्हाला नाही का?

उत्तर (निवृत्त लेखापरीक्षक, दांडिया बाजार)
अवश्य विचारा. ज्या शहरात सहकाराचा कायदा होण्याच्या १५ वर्षे आधी, १८८९ मध्ये, विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली, तिथल्या सभासदाने संकोच कशाला करावा? दंडाची नोंद ताळेबंदासोबतच्या टिपांमध्ये द्यावी लागते. ती वाचून वार्षिक सभेपूर्वी प्रश्न लेखी द्या, कारण तोंडी प्रश्न इतिवृत्तात बहुधा उतरत नाही. पत्रकाच्या शेवटी, ग्राहकांशी झालेल्या व्यवहारांच्या वैधतेवर भाष्य करण्याचा हेतू नाही, असा ठरावीक मजकूर असतो. ठेवीदार बिथरू नयेत म्हणून तो योग्यच आहे, परंतु संचालक मंडळ त्याचाच आडोसा घेते.

उत्तर (फतेहगंज)
माहिती अधिकाराचा अर्ज थेट रिझर्व्ह बँकेकडे करता येतो. जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले, की रिझर्व्ह बँक आणि इतर बँका यांच्यात विश्वासाश्रित नाते (विश्वासाने सोपवलेली माहिती गुप्त राखण्याचे बंधन घालणारे नाते) नाही, त्यामुळे त्या सबबीवर तपासणी अहवाल दडवता येणार नाहीत. बँकांनी या भूमिकेला पुढेही विरोध केला आहे. तेव्हा पहिल्याच अर्जात सारे हाती येईल, असे समजू नका.

उत्तर (अलकापुरी)
सेबीचे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेचे, आदेश याबाबतीत उजवे आहेत. त्यांत आरोप, बचाव आणि निष्कर्ष सविस्तर असतात, दोषी संचालकांची नावे असतात, आणि दंड ठरवताना सेबी कायद्याच्या कलम १५-जे नुसार मिळालेला अवाजवी लाभ, गुंतवणूकदारांचे नुकसान व चुकीची पुनरावृत्ती विचारात घेतली जाते. तिथेही दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो, नुकसान सोसणाऱ्याच्या हाती पडत नाही. शिवाय तडजोडीत आरोप मान्य किंवा अमान्य न करताच प्रकरण मिटवता येते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पत्राचा मसुदा केला आहे: कर्जे मंजूर करणाऱ्या सभेचे इतिवृत्त दाखवावे आणि दंडाची रक्कम संबंधितांकडून वसूल करण्याचा ठराव सभेपुढे ठेवावा. त्यावर सह्या करण्यास आणखी नऊ सभासद तयार आहेत.