रिकाम्या गाड्या पळवून वीज जाळतात म्हणे!

गंजका रूळ
परवा कुणीतरी लिहिलं, "तीन महिने रिकामी ट्राम नाकासमोरून पळतेय आणि आम्ही बसथांब्यावर उभे. वीज जाळायचा उद्योग पुरे, दारं उघडा." खाली अंगठ्यांचा ढीग. उत्तर तिथेच देणार होतो, पण लांबत गेलं म्हणून वेगळा धागा.

साहेब, ही नव्या ट्रामलाइनची चाचणी आहे, आणि मी ती गाडी पहिल्या दिवसापासून बघतोय. त्या दिवशी ती पळत नव्हतीच. तिला ओढत नेत होते, माणसाच्या चालीनं, शेजारून नारिंगी जाकिटातले चौघे चालत. डब्याच्या कडांना फोमच्या पट्ट्या. फलाटाला, खांबाला, कठड्याला पट्टी घासली की थांबायचं, मोजायचं, खडूनं खूण करायची. एका फलाटाच्या टोकाला पट्टीचा कोपरा तुटून पडला. दोन आठवड्यांनी तिथली कड कापलेली दिसली. दारं आधीच उघडली असती तर तिथे फोमऐवजी पत्रा घासला असता.

आणि 'रिकामी' कुठली? आत वाळूच्या गोण्या रचलेल्या असतात, भरल्या डब्याच्या वजनाइतक्या. त्या वजनासकट उतारावर आणि ओल्या रुळावर ब्रेक मारून बघतात.

घाई केली की काय होतं ते कॅनडातल्या ओटावाला विचारा, तिथल्या नव्या ट्रामसारख्या लाइनचं बघा. जुलै-ऑगस्ट २०१९ मधल्या अंतिम चाचणीत गाड्या पास होईनात, तेव्हा निकषच सैल केले. ठरलेल्या किलोमीटरपैकी गाड्या प्रत्यक्ष किती धावल्या, याची बारा दिवसांची सरासरी ९८ टक्के हवी होती, ती झाली बारापैकी नऊ दिवसांची ९६ टक्के. नगरसेवकांना पत्ता नाही. १४ सप्टेंबरला लाइन सुरू. २०२१ मध्ये ऑगस्टला एक गाडी घसरली, सप्टेंबरला दुसरी, मग जवळपास दोन महिने सगळं ठप्प. नोव्हेंबर २०२२ च्या चौकशी अहवालात ही लपवाछपवी सविस्तर आहे.

उभा प्रवासी
तो अंगठेवाला प्रतिसाद माझाच. 'कुणीतरी' म्हणायची गरज नव्हती.

ओटावाचं अर्धंच सांगितलंत. ऑगस्टला आसाचं बेअरिंग गेलं, बरोबर. पण सप्टेंबरची गाडी घसरली ती दुरुस्तीत बोल्ट नीट आवळले नाहीत म्हणून. त्यात चाचणी काय करणार? आणि सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात तिथे गाड्या अडकल्या त्या दारांमुळे. लोक बंद होणारं दार हातानं धरतात, दार बिघडतं, गाडी बसते, मागची सगळी रांग बसते. तुमच्या वाळूच्या गोण्या दार धरतात का?

मागच्या महिन्यात आईला तपासणीला न्यायचं होतं. पाऊस. पाऊण तास बस नाही. समोरून तीन ट्राम गेल्या, आत दिवे लखलखीत आणि माणूस एक. आईनं हात केला. ड्रायव्हरनं उलट हात हलवला. या वयात तिला 'डायनॅमिक टेस्टिंग', म्हणजे गाडी पळवून घेतलेली चाचणी, समजावू?

निद्रानाश
तुमचं चालू द्या. पहाटे ४:४० ला घंटा कशासाठी, हे कुणी सांगेल का? रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं.

खिडकीवाली
मी त्याच लाइनवर प्रशिक्षणात आहे, म्हणून सांगते. प्रत्येक चौकाआधी घंटा दिलीच पाहिजे, रस्ता मोकळा असो नसो. सवय हातात मुरायला लागते. ट्राम बाजूला वळवता येत नाही. मागच्या आठवड्यात कानात बोळे घातलेला एक धावणारा थेट रुळावर आला. इमर्जन्सी ब्रेक मारला, चुंबकी ब्रेक रुळाला चिकटला, चाकांना पकड मिळावी म्हणून रुळावर वाळू पडली, तरी गाडी त्याच्या पुढ्यात जाऊनच थांबली. तो मोबाइल बघत निघून गेला. माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. ४:४० ला कुत्रं नसतं, पण माणूस असतो हो.

(आणि उभा प्रवासी, तुमच्या आईंना हात हलवणारी मी नव्हते. पण थांबले मीही नसते.)

निद्रानाश
ताई, घंटा पदरात घेतली. वळणावरची किंकाळी? पाटीवर खिळा ओढल्यासारखी, दर बारा मिनिटांनी.

गंजका रूळ
चाक वळणावर नुसतं गोल फिरत नाही, आडवं घसरतंही. त्याची ती किंकाळी. रुळाला वंगण देतात, माथा घासतात, मग कमी होते. चाचणीत हेही कळतंच की! घर घेताना आराखडा बघितला नव्हतात का?

निद्रानाश
मी इथे आलो तेव्हा समोर झाडं होती. आराखडा तुमच्यासारखे रुळावर डोकं ठेवून झोपणारे बघतात. मी तक्रार केली तर उत्तर आलं, "आवाज मर्यादेत आहे." मर्यादा मोजली कधी, तर दुपारी! दुपारी रस्त्यावर इतका गोंगाट असतो की तोफ उडाली तरी मर्यादेतच भरेल.

तिरपागडा
दुपारचं मोजमाप हा मुद्दा बिनतोड आहे. +१

काटकोन
मूळ विषय चाचणीचा होता बहुतेक. असो, आमच्या वळणावर तर खिडकीच्या काचाही थरथरतात.

उभा प्रवासी
चार प्रतिसाद किंकाळीवर! आणि माझ्या दारांचं उत्तर?

गंजका रूळ
दारांचा मुद्दा मान्य. माणसं भरल्याशिवाय दारांची खरी परीक्षा होत नाही. म्हणूनच शेवटी काही ठिकाणी स्वयंसेवक बोलावून गाड्या भरतात, चढउतार करवतात. पण ते शेवटी, आधी नाही. इस्राएलमधल्या तेल अवीवची 'लाल' ट्रामलाइन नोव्हेंबर २०२२ ला सुरू व्हायची होती, ती ऑगस्ट २०२३ ला झाली. लोकांनी शिव्या घातल्या असतील. घालू देत.

उभा प्रवासी
वा, आमच्या शिव्यांना परवानगी मिळाली, आभारी आहे. स्वयंसेवक बोलावतील तेव्हा कळवा. आईला घेऊन येतो, तिला दार धरायची सवय आहे. आणि तारीख पुढे ढकलणार असाल तर थांब्यावर तसा कागद तरी चिकटवा. गाडी कशासाठी पळतेय हे एका ओळीत लिहायला चाचणी लागत नाही.

खिडकीवाली
कागदाचं मी वरिष्ठांना विचारलं होतं. "ते आपलं काम नाही," म्हणाले.

निद्रानाश
ताजा कलम. काल रात्री वळणावर दोन माणसं डबा आणि ब्रश घेऊन बसली होती. आज पहाटे किंकाळी नाही. मी मात्र ४:४० लाच जागा झालो आणि पाच वाजेपर्यंत तिची वाट बघत पडलो.

घंटा आहेच.