भगतराम तलवार: घरभेदी म्हणायचं का?

रानजाई: जानेवारी १९४१. सुभाषबाबू कोलकात्यातून निसटले आणि पठाणी वेषात पेशावरहून काबूलला निघाले. पश्तो येईना, म्हणून मुकेबहिरे बनले. बोलायचं काम सोबतच्या 'रहमत खान'चं, म्हणजे भगतराम तलवारचं. काबूलच्या सराईत एक पोलीस मागेच लागला. शेवटी वडिलांनी दिलेलं मनगटी घड्याळ काढून त्याच्या हातावर ठेवावं लागलं. या सगळ्यातून भगतरामने त्यांना सुखरूप पार केलं. आणि हाच पुढे इंग्रजांचा हेर 'सिल्व्हर'! सुभाषबाबू बर्लिनमध्ये त्याच्यावर विसंबून होते, आणि हा पीटर फ्लेमिंग या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने रचलेल्या थापा दिल्लीतून जर्मनांना पाठवत होता. माझ्या लेखी हा सूर्याजी पिसाळच.

कोयनाकाठ: पिसाळ वतनासाठी फुटला म्हणतात. इथे कसलं वतन? भगतरामचा सख्खा भाऊ हरिकिशन पंजाबच्या गव्हर्नरवर गोळी झाडून १९३१ साली फासावर गेला. अशा घरातला माणूस इंग्रजांच्या प्रेमात पडेल होय? तो कम्युनिस्ट होता. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर चालून गेला, तेव्हाच त्याचा शत्रू ठरला. जर्मनांकडून पैसे घेऊन त्यांनाच बनवलं, वर त्यांनी आयर्न क्रॉस हे आपलं लष्करी पदक दिलं. मला तर हसूच येतं.

रानजाई: हसा. पण ४२ साली आपल्याकडच्या कम्युनिस्टांनीही 'लोकयुद्ध' म्हणत चले जावला विरोध केला, तो उघड. लोकांच्या शिव्या खाल्ल्या. याने ज्याला हात धरून डोंगर पार करवले, त्यालाच अंधारात ठेवलं.

ताकभात: हेरगिरी दवंडी पिटून करतात का हो? :)
पण एक खटकतं. नाझींना फसवलं, ठीक. त्या थापा जपान्यांचीही दिशाभूल करण्यासाठी होत्या, आणि १९४४ ला इम्फाळकडे जपान्यांसोबत आझाद हिंदचे जवानही चालत होते. तिथे शत्रू कोण होतं?

कोयनाकाठ: इम्फाळची मोहीम फसली ती रसद तुटल्याने आणि पावसाने. ते भगतरामच्या माथी मारू नका.

ताकभात: नाही मारत. पराभव त्याच्यामुळे झाला असं म्हणतच नाही, तो कुणाच्या बाजूला उभा होता एवढंच विचारतोय.

रानजाई: आणि १९७६ मध्ये त्याने आठवणींचं पुस्तक काढलं. सुटकेची हकिकत अगदी बारकाव्यांसकट. इंग्रजांसाठी केलेल्या कामाबद्दल मात्र चकार शब्द नाही. पटून केलं होतं, तर तीस वर्षांनी सांगायला काय हरकत होती?