प्रतिसाद : उलटे लटकण्याचे दोन प्रकार

‘दोन्ही निशाचर आहेत, याखेरीज बिनशंखी गोगलगाय आणि वटवाघूळ यांत तुलना करण्यासारखे काही नाही’, हे मत मला मान्य नाही. युरोपातील बिबट्यासारख्या ठिपक्यांची गोगलगाय (लिमॅक्स मॅक्झिमस) आणि ब्रिटनसह त्याच खंडात आढळणारे, नाकावर घोड्याच्या नालेसारखी त्वचेची घडी असलेले मोठे वटवाघूळ, हे दोघेही उलटे लटकतात. फरक आहे तो कशासाठी आणि कशाच्या आधारे, यात.

वटवाघळाला लटकताना स्नायूंचे बळ जवळजवळ खर्चावे लागत नाही, कारण शरीराच्या वजनानेच पायाच्या बोटांतील कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट पट्टे) ताणल्या जाऊन जागच्या जागी अडकतात आणि नख्यांची पकड घट्ट राहते. म्हणूनच ते अख्खा हिवाळा गुहेच्या छताला टांगून काढू शकते.

गोगलगायीचे लटकणे मात्र केवळ मीलनापुरते असते. रात्री फांदीवरून दोघी एकमेकींभोवती पीळ घालत, स्वतःच्याच चिकट स्रावाच्या जाड दोरावर खाली उतरतात. मग दोघींच्याही डोक्याच्या उजव्या बाजूने निळसर पांढरी नर जननेंद्रिये बाहेर येतात आणि परस्परांत गुंतून फुलासारखा आकार घेतात. प्रत्येक गोगलगाय उभयलिंगी असल्यामुळे शुक्राणूंची देवाणघेवाण होते व पुढे दोघीही अंडी घालू शकतात. हे दृश्य मला प्राणिसृष्टीतील अत्यंत देखण्या दृश्यांपैकी एक वाटते.

वटवाघळाची मादी याउलट शरद ऋतूत मिळालेले शुक्राणू शरीरात जपून ठेवते, गर्भधारणा वसंतात होते आणि उन्हाळ्यात एकच पिल्लू जन्मते.