सल्ला हवा: मार्चमध्ये आईसोबत ऑस्ट्रेलिया – ग्रेट ओशन रोड, उलुरू की टास्मानिया?

निळाई
नमस्कार मंडळी. मार्चमध्ये आई आणि मी मेलबर्नला मावसभावाकडे जातोय. त्याला सुट्टी नाही, त्यामुळे आठवडाभर आम्ही दोघीच फिरणार. विमान सोडून दोघींचं बजेट दीड लाख, त्याच्या वर जायचं नाही. आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या नकोत. पण समुद्र दिसला की ती तासन्‌तास बसते आणि शेजारी येईल त्याच्याशी गप्पा मारते. शाळेत इंग्रजी शिकवायची, तिकडची बोली ऐकायची तिला फार हौस आहे. मी गाडी चालवते, पण परक्या देशात वळणावळणाचा रस्ता नको वाटतो. कुठे जावं?

लाल_माती
उलुरू! डोळे झाकून उलुरू. ३४८ मीटर उंच खडक, मावळतीला विटकरी होतो, मग जांभळट. २६ ऑक्टोबर २०१९ पासून वर चढणं कायमचं बंद आहे, अनंगू, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी लोकांची ती पवित्र जागा. त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्नच नाही, सगळं खालून बघायचं. आम्ही तिथल्या रिसॉर्टवर राहिलो होतो, रात्री आकाशगंगा अशी दिसली की बायको रडली. बजेट साडेतीन-चार लाख धरा. आयुष्यात एकदाच जातो माणूस.

निळाई
धन्यवाद, पण बजेट दीडच आहे.

यारा_काठचा
मेलबर्नला उतरताय तर ग्रेट ओशन रोड सोडून कुठे जाताय? पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात हा रस्ता बांधला, युद्धात गेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. साधारण २४० किमी. एका दिवसाची बस टूर मात्र करू नका. सगळ्या बसेस ट्वेल्व्ह अपॉसल्सला, म्हणजे समुद्रात उभ्या सुळक्यांपाशी, भर दुपारी एकदमच पोचतात, कठड्याशी उभं राहायला जागा नसते. मुक्काम करा. संध्याकाळी गर्दी ओसरते आणि चुनखडीच्या सुळक्यांवर तिरकं ऊन पडतं, ते बघायचं. आईंना तिथल्या मुख्य कठड्यापर्यंत पक्की पायवाट आहे. गिब्सन स्टेप्स मात्र नको, कड्यात कोरलेल्या पायऱ्या आहेत. आणि स्वेटर न्या. मार्च असला तरी दक्षिणेच्या समुद्रावरून येणारा वारा कानात शिरतो.

स्टिअरिंग
अनुमोदन, आणि गाडी घ्याच. आपल्यासारखं डावीकडूनच चालवतात, आपलं इंग्रजी छापलेलं लायसन्स पर्यटकाला चालतं. फक्त अंधाराच्या आत मुक्कामी पोचा. आमच्या समोर दिवेलागणीला कांगारू आला, बंपर गेला. भाड्याची गाडी देणाऱ्यांनी करारातलं कलम दाखवलं, शहराबाहेर रात्री चालवलं तर विमा नाही. डिपॉझिट पूर्ण गेलं. काउंटरवर हे कलम कुणी वाचून दाखवत नाही, आधी विचारा.

मोजणीदार
ते अपॉसल्स बारा नाहीत आणि कधीच बारा नव्हते. २००५ मध्ये त्यातलाही एक कोसळला. टूरवाले बारा म्हणून विकतात ते थांबलं पाहिजे.

यारा_काठचा
नावच तसं पडलंय हो. आणि कोसळणं हीच त्या किनाऱ्याची रीत आहे. लाटा आधी कड्यात गुहा करतात, गुहेची कमान होते, कमान पडली की सुळका उरतो. जवळच्या लंडन ब्रिजचा जमिनीकडचा भाग १९९० मध्ये पडला, तेव्हा दोन पर्यटक पलीकडे अडकले होते, हेलिकॉप्टरने काढावं लागलं.

खमंग
सामानाकडे कुणीच वळत नाहीये म्हणून लिहिते. ताजा कढीपत्ता, दुधाची मिठाई, बिया काही नेऊ नका. मावसभावासाठी पेढे तर नाहीच. बाकी जे खायचं न्याल ते ऑस्ट्रेलियात शिरताना भरायच्या कार्डावर जाहीर करा. जाहीर केलं तर फार तर काढून घेतात, लपवलं तर जबर दंड. माझ्या चकल्यांचा डबा अधिकाऱ्याने उघडला, वास घेतला, 'लव्हली' म्हणाला आणि परत दिला. लोक खरंच गोड आहेत.

शतकवीर
मेलबर्नला जाऊन एमसीजी नाही बघितलं तर काय बघितलं? २०२० चा बॉक्सिंग डे सामना आठवा. अ‍ॅडलेडला ३६ वर ऑलआउट, विराट परतलेला आणि आपल्या अजिंक्यने ११२ काढले! मैदानाची टूर असते, ती कराच.

लाल_माती
त्या मालिकेत खरी कमाल ब्रिस्बेनला झाली.

शतकवीर
मेलबर्न नसतं तर ब्रिस्बेन झालंच नसतं.

खमंग
क्रिकेटचा वेगळा धागा काढा ना, ताईंना गुडघ्यांचं विचारायचंय.

आडगावकर
माणसांबद्दल सांगतो. लॅव्हर्स हिलच्या पुढे आमचं चाक बसलं, फोनला रेंज नाही. एक म्हातारे गृहस्थ यूट, म्हणजे पिकअप गाडी, थांबवून उतरले, मागे कुत्रा. म्हणाले, 'हाउ या गोइंग, मेट?' मी तब्येतीचं सांगू लागलो, तोवर त्यांनी जॅक लावलाही होता. पैसे घेतले नाहीत. 'टू ईझी' म्हणाले आणि पुढचा सर्वो, म्हणजे पेट्रोलपंप, आर्वोला लवकर बंद होतो, आधी तिथे जा असं बजावलं. आर्वो म्हणजे दुपार. थाँग्ज म्हणजे चपला, एस्की म्हणजे थंड पेयांची पेटी. कुणी जेवायला बोलावून 'ब्रिंग अ प्लेट' म्हणालं तर रिकामी ताटली नेऊ नका, काहीतरी करून न्यायचं असतं. काकूंना फार मजा येईल तिथे.

पाठपिशवी
गाडी नको असेल तर व्ही-लाइन आहे. मेलबर्नच्या सदर्न क्रॉसवरून जिलाँगपर्यंत रेल्वे, तिथून अपोलो बेची बस त्याच समुद्रकाठच्या रस्त्याने जाते. दिवसभराच्या तिकिटाला शहरातल्याइतकीच कमाल मर्यादा आहे, म्हणजे जवळजवळ फुकट. अपोलो बेहून अपॉसल्सकडे जाणारी बस ठरावीक वारीच असते, वेळापत्रक बघून मुक्काम ठरवा.

स्टिअरिंग
बसने गेलात तर केनेट रिव्हरला उतरून निलगिरीवर झोपलेले कोआला कसे बघणार? हवं तिथे थांबता आलं पाहिजे. गाडीच घ्या.

यारा_काठचा
हो, आणि अपोलो बेला एक रात्र पुरे. गाव पाच मिनिटांत संपतं. मुक्काम पोर्ट कॅम्पबेलला करा, अपॉसल्स तिथून जवळ.

लाल_माती
अजूनही सांगतो, उलुरू. बजेट थोडं ताणा.

निळाई
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला पूर्ण धागा वाचून दाखवला. ठरलं ते असं: गाडी नाही, उलुरू नाही, टास्मानिया नाही. व्ही-लाइनने अपोलो बे आणि तिथेच चार रात्री. किनाऱ्याची वाट सपाट आहे, बाक आहेत, बेकरी आहे. मधल्या एका दिवशी बसने अपॉसल्स. गर्दी असली तर असू दे, आईला सुळक्यांपेक्षा माणसं जास्त हवीत. खोलीला स्वयंपाकघर आहे, सगळं मिळून बजेटच्या आत बसतंय. उरलेल्या पैशांत एमसीजीची टूर करू, शतकवीर.

यारा_काठचा
चार रात्री? अहो, तिसऱ्या दिवशी कंटाळाल. निदान दोन रात्री पोर्ट कॅम्पबेलला हलवा.

निळाई
पैसे भरून झाले, आणि आईने तिथल्या बाईंशी फोनवर अर्धा तास गप्पाही मारल्या. त्या तिला 'डार्ल' म्हणाल्या, तेव्हापासून ती बॅग भरतेय. खमंग, चकल्या जाहीर करायला कार्डावर नेमक्या कुठल्या प्रश्नाला 'हो' लिहायचं?

खमंग
खाद्यपदार्थांचा प्रश्न असतो, त्यालाच 'हो'. आणि डबा हातातल्या पिशवीत ठेवा, उघडायला सोपा पडतो.