आरोग्यमित्र आणि नॅव्हिगेटर
कुणीतरी म्हटलंय की कॅन्सर हॉस्पिटलातला पेशंट नॅव्हिगेटर म्हणजे आपला आरोग्यमित्रच की. नाही हो, आरोग्यमित्राचं काम मुख्यतः महात्मा फुले योजनेपुरतं (सरकारची मोफत उपचारांची योजना), रेशनकार्ड-आधार बघून नोंदणी, मंजुरीचे कागद वगैरे. नॅव्हिगेटर पेशंटच्या मागे असतो, म्हणजे बायोप्सीचा रिपोर्ट कुठे अडकलाय, केमोला का आला नाहीत म्हणून फोन, राहायची सोय, पैशासाठी कुठल्या ट्रस्टकडे अर्ज करायचा, असलं सगळं. १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये डॉ. हॅरॉल्ड फ्रीमननी हे सुरू केलं ते याचसाठी, गरीब बायका स्तनात गाठ सापडल्यावर ट्रीटमेंटपर्यंत पोचायच्या आतच मधे कुठेतरी अडकायच्या. टाटा मेमोरियलला जात असाल तर तिथे 'केवट' आहेत, म्हणजे तिथले नॅव्हिगेटरच, त्यांना गाठा. फक्त कुठलं औषध घेऊ ते त्यांना विचारू नका, ते डॉक्टरलाच.