मदत हवी आहे: सौम्य आम्लाचा रेणू आधी फुटतो की थेट अभिक्रिया करतो?

अ‍ॅसेटिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या टायट्रेशनमधला (आम्लात मोजून आम्लारी घालत ते पूर्ण उदासीन करण्याच्या प्रयोगातला) एक मुद्दा काही केल्या सुटत नाहीये. कोणी समजावून सांगाल का?

०.१ मोलर अ‍ॅसेटिक आम्लात जेमतेम १.३ टक्के रेणूंचं विचरण झालेलं असतं, म्हणजे ते आयनांमध्ये फुटलेले असतात; सामू (pH) २.९ च्या आसपास. तरी २५ मिली आम्लाला तेवढ्याच तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइड पूर्ण २५ मिलीच लागतं. हायड्रॉक्साइड आयन मोकळे हायड्रोजन आयन संपवत जातात, समतोल पुढे सरकतो आणि उरलेले रेणू फुटत राहतात, हे पटतं. पण काही ठिकाणी लिहिलेलं असतं की हायड्रॉक्साइड अखंड रेणूचाच प्रोटॉन थेट ओढून घेतो. समतोल स्थिरांक दोन्हीकडून तोच येतो, सुमारे १८० कोटी, त्यामुळे आकडेमोडीतून निवाडा होत नाही.

मग द्रावणात खरं काय घडतं? दोन्ही वाटा एकाच वेळी चालू असतात का, आणि टायट्रेशनच्या शेवटाकडे, सामू ७ च्या वर गेल्यावर, त्यातली कुठली वरचढ ठरते?

समतुल्य बिंदूला, म्हणजे सगळं आम्ल नेमकं संपतं तिथे, सामू ८.७ का येतो आणि रंग बदलणारा दर्शक म्हणून मिथाइल ऑरेंजऐवजी फिनॉल्फ्थॅलीन का घ्यायचं, ते कळलंय. अडलंय ते फक्त या प्रोटॉनच्या प्रवासापाशी.