अधूनमधून हरणाची शिकार करणाऱ्याने ठासणीची बंदूक कोणती घ्यावी? आणि तिच्यावर स्कोप (नेमाची दुर्बीण) हवा का?

ओहायोकर

मी ओहायोत राहतो. थँक्सगिव्हिंगनंतरचा बंदुकीचा आठवडा आणि जानेवारीच्या सुरुवातीचे ठासणीच्या बंदुकीचे चार दिवस, माझी शिकार एवढीच. त्यातही सुट्टी मिळाली तर. माझ्यासारख्यांनी बंदूक कशी निवडावी, याबद्दल माझं मत ठाम आहे. ते मांडतो, पटलं नाही तर खोडून काढा.

.५० बोअरची (नळीचं भोक अर्धा इंच), बिजागरीवर मधून उघडणारी इनलाइन (बार थेट मागून पेटवणारी, नव्या घडणीची) बंदूक घ्यावी, सीव्हीए ऑप्टिमाच्या वर्गातली. चारशे डॉलरच्या आसपास मिळते. नळीचं मागचं बूच (ब्रीच प्लग) हाताने निघतं, त्यामुळे साफसफाई सोपी. त्यावर साधा ३-९×४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, ४० मिलिमीटर काचेचा) स्कोप, फार तर दोनशे डॉलरचा. उरलेले पैसे बंदुकीची दारू, गोळ्या आणि रेंजवरच्या सरावात घालावेत.

कारण आपल्याकडच्या ओकच्या रानात हरीण दिसतं तेच शंभर यार्डांच्या आत. १०० ग्रेन (दारू-गोळीचं छोटं माप) दारू आणि सॅबोमधली (प्लास्टिकच्या टोपणातली) २५० ग्रेनची गोळी घेतली तर वेग सेकंदाला साधारण १,८०० फूट पडतो. शंभर यार्डांवर नेम बसवला तर दीडशेवर ती पाचएक इंच खाली येते, दोनशेवर फूटभराहून जास्त. म्हणजे दीडशेच्या पुढे चाप ओढायचाच नाही. मग लांब पल्ल्याचा महागडा स्कोप आणि ५०-५० ग्रेनच्या तीन गोळीवड्यांचा १५० ग्रेनचा 'मॅग्नम' बार कशासाठी? त्यात धक्का वाढतो, खर्च वाढतो, आणि धक्क्याच्या धास्तीने नेम बिघडतो.

रंजक

मी पेनसिल्व्हेनियात आहे आणि माझा स्कोपला साफ विरोध आहे.

हा स्वतंत्र हंगाम कशासाठी मिळाला ते आधी बघा. आमच्याकडे नाताळानंतरचा हंगाम १९७४ साली ठरावीक जागांपुरता सुरू झाला आणि तो आजही फक्त चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) बंदुकीचा आहे. स्कोप चालत नाही. कोलोराडोत सप्टेंबरमधल्या हंगामात स्कोप नाही, दारूच्या वड्या नाहीत, सॅबोसुद्धा नाही. हत्यार जवळच्या पल्ल्याचं, एका वेळी एकच बार, म्हणून राज्यांनी हे जादा दिवस दिले. १९८५ मध्ये नाइट एमके-८५ ही इनलाइन बंदूक आली आणि तेव्हापासून इनलाइनचा जोर वाढत गेला. आता २०९ प्रायमर (बार पेटवणारी टोपी), सॅबो, नऊपट दाखवणारी काच. नळीच्या तोंडातून बार भरणं सोडलं तर जुन्या बंदुकीचं त्यात राहिलं काय?

चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यावर आधी कानातली रंजक (पेटवायची बारीक दारू) पेटते, मग बार उडतो. तेवढा वेळ मान न हलवता माशी (नळीच्या टोकाचा नेमाचा दाणा) हरणावर धरून ठेवावी लागते. हे जमेपर्यंत माणूस पन्नास यार्डांच्या आत जायला शिकतो, वारा बघायला शिकतो. अधूनमधून जाणाऱ्यालाच ह्याची जास्त गरज आहे. त्याला रानात फार दिवस मिळत नाहीत, मग ते काचेतून बघण्यात का घालवायचे?

रानवाटा

रंजक, तुमची तळमळ कळते, पण जखमी होऊन पळालेलं हरीण तुमच्या हिशोबात कुठेच नाही. चुकलेल्या नेमाची किंमत शिकारी मोजत नाही, जनावर मोजतं.

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला मागची खाच, पुढची माशी आणि हरीण या तिन्ही गोष्टी एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. हा डोळ्याचा धर्म आहे, सरावाने तो बदलत नाही. सूर्योदयाआधीच्या अर्ध्या तासात तर नाहीच. स्कोपमधून मधली फांदी दिसते, हरणाच्या मागे काय आहे ते दिसतं. आम्ही न्यू जर्सीत. इथे हरणासाठी काडतुसाची हाय-पॉवर रायफल चालत नाही, शॉटगन नाहीतर ठासणीची. घरं जवळ जवळ आहेत. मागे काय आहे ते दिसणं इथे फार मोठी गोष्ट आहे.

पण ओहायोकर, तुमचाही हिशोब मला उलटा वाटतो. बंदूक स्वस्त घ्या, स्कोप चांगला घ्या! हल्लीच्या साध्या इनलाइनची नळीसुद्धा शंभर यार्डांवर पुरेशी नेमकी मारते. हलका स्कोप मात्र धक्क्यांनी सरकतो, थंडीतून गाडीत शिरलात की आतून धुकं धरतो. आणि डोळ्यापासूनचं अंतर बघून घ्या, साडेतीन इंचांपेक्षा कमी असेल तर भुवई फुटते. ४० मिलिमीटरची काच नऊपटीवर डोळ्याला जेमतेम ४.४ मिलिमीटरचा प्रकाशझोत देते, चारपटीवर दहाचा. म्हणून मी २-७ पटीचा घेतला, आणि पहाटे तो सगळ्यात खालीच ठेवते.

नव्याने आलेल्यांसाठी एक गोष्ट सांगते, कारण आपल्या मंडळींत हा गोंधळ नेहमी असतो. १९६८ च्या केंद्रीय कायद्यात ठासणीची बंदूक बहुतेक वेळा 'फायरआर्म' धरत नाहीत, पण राज्यांचे नियम वेगळे आहेत. न्यू जर्सीत तिच्यासाठीही खरेदीचं ओळखपत्र लागतं. एच-१बी वर असाल तर काडतुसाची बंदूक जवळ बाळगायलाच मनाई आहे. वैध शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. मित्राची बंदूक सहज हातात घेण्याआधी हे वाचून घ्या.

सरळनळी

तिघेही मूळ प्रश्नाला बगल देताय. मुळात ठासणीची घ्यायचीच कशाला? ओहायोत २०१४ पासून सरळ भिंतीच्या (तोंडापाशी गळ्यासारख्या न निमुळत्या होणाऱ्या) काडतुसांच्या रायफली चालतात. त्यातलीच .३५० लेजंड घ्या. धक्का कमी, पाऊस आला तरी काडतूस कोरडं, रिकामी करायला दोन सेकंद.

ठासणीच्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते. पायरोडेक्स (काळ्या दारूऐवजी वापरतात ती दारू) उडवून बंदूक तशीच ठेवली तर नळीला गंज लवकरच धरतो. त्याच संध्याकाळी गरम साबणाच्या पाण्याने धुवायला हवी. दिवसभर थंडीत बसून दमलेला, वर्षातून मोजके दिवस जाणारा माणूस हे 'उद्या करू' म्हणतो. आणि बार भरला होता की नाही हे विसरून वर दुसरा भरणाराही तोच. ज्याचा हात रोजचा नाही, त्याच्या हाती कमी चुकांचं हत्यार द्यावं.

कुडाळवाली

मी सिंधुदुर्गातून लिहितेय. आमच्या भागात ठासणीची बंदूक म्हणजे शेतीसंरक्षणाचा परवाना, रानडुकरं भातात शिरतात म्हणून. वन्यजीव कायद्यामुळे आपल्याकडे हरणाला हात लावायची सोय नाही, आणि ते योग्यच आहे असं मला वाटतं. तुम्ही सगळे स्कोपवर भांडताय, पण हौसेसाठी जनावर मारावं का, हे कोणीच विचारत नाही.

ओहायोकर

कुडाळवाली ताई, प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे लांडगा उरलेला नाही, आणि हरणं इतकी आहेत की शेतात, बागेत, हमरस्त्यावर गाडीसमोर येतात. शिकारीचा आकडा जिल्ह्यागणिक सरकार ठरवतं. मी मारलेलं हरीण घरी खाल्लं जातं. पेनसिल्व्हेनियात १९९१ पासून 'हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट' नावाचा उपक्रम आहे, त्यातून मांस अन्नछत्रांना जातं. भारतातली परिस्थिती वेगळी, तिथला कायदा मलाही योग्य वाटतो. पण इथे न मारणं म्हणजे हरणाचं भलंच, असं मी मानत नाही.

सरळनळी, .३५० ने जानेवारीचे चार दिवस हातचे जातात. माझ्यासाठी तेच सगळ्यात चांगले, कारण रानात गर्दी नसते. गंजाचा मुद्दा खरा आहे. म्हणून मी ब्लॅकहॉर्न २०९ ही दारू वापरतो. महाग आहे, पण घाण कमी धरते. तिला जोरकस २०९ प्रायमर लागतो, मिळमिळीत चालत नाही. दुहेरी बारावर उपाय जुनाच आहे: बार ठासायच्या गजावर रिकाम्या नळीची एक खूण आणि भरलेल्या नळीची दुसरी. प्रायमर काढला की कायद्याने बंदूक रिकामी धरतात, पण आत बार असतोच. म्हणून दिवस संपला की सुरक्षित जागी बार उडवूनच मी घरी येतो. दुसऱ्या दिवशी ओल धरलेल्या दारूची शंकाही राहत नाही. आणि काडतुसातली बिनधुराची दारू चुकूनही घालू नका, नळी फुटते.

रानवाटा ताई, स्कोपवर जास्त पैसे घालण्याचा तुमचा मुद्दा पटला. साडेतीनशे बंदुकीला, तीनशे स्कोपला, असं मी आता म्हणेन. रंजक, स्कोपबद्दल मात्र आपलं जुळणार नाही.

रंजक

नाही जुळलं तरी चालेल. आमचा हंगाम आमच्यापुरता चकमकीचा राहू द्या, एवढंच माझं मागणं आहे. इनलाइनवाले दरवर्षी तिथेही सूट मागतात, म्हणून मी चिडतो.

पण स्कोप लावा नाहीतर माशी वापरा, नेम बसवताना एक गोष्ट बघा. रेंजवर लोक गोळ्यांमागून गोळ्या झाडतात, नळी तापते, घाण साचते, आणि त्या गोळ्यांचा घोळका बघून स्क्रू फिरवतात. रानात मात्र गोळी एकच सुटते, गार नळीतून. स्वच्छ नळीतली पहिली गोळी बऱ्याच बंदुकांत दोन-तीन इंच वेगळी पडते. तेव्हा शिकारीला नळी जशी नेणार तशीच ठेवून पहिली गोळी कुठे पडते ते बघा. मग पुसा, गार होऊ द्या, पुन्हा एकच झाडा. नेम त्या पहिल्या गोळ्यांवर बसवा.

सरळनळी

हे मात्र काडतुसाच्या रायफलीलाही लागू आहे. पुसण्यासाठी थुंकी वापरता की सॉल्व्हंट?

रंजक

काळ्या दारूला ओली चिंधी पुरते, वर एक कोरडी. ब्लॅकहॉर्नला पाणी चालत नाही, तिला सॉल्व्हंटच लागतं.